तुरटीचे पाच वेढे

बर्फाच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं म्हटलं की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, "थंडी नाही वाजायची?" अहो, कसली थंडी घेऊन बसलात. कॉम्प्रेसरपाशी तासभर उभे राहा, मग सांगा. माझा गंजीफ्रॉक बारा महिने घामानं भिजलेला असायचा. बर्फ गार असतो तो विकत घेणाऱ्याला. करणाऱ्याच्या वाट्याला मशीनची धग, मिठाच्या पाण्यानं फाटलेल्या टाचा आणि अमोनियाचा वास येतो. लग्नानंतर वर्षभर बायको म्हणायची, तुमच्या अंगाला दवाखान्यासारखा वास मारतो. पुढे तिनं म्हणणं सोडून दिलं. सवय झाली की नाक गेलं, ते मी विचारलं नाही.

संपादकांनी सांगितलंय, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लिहितो. पण खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती गंमत नाही. माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती सांगण्याआधी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल, नाहीतर चूक कुठे झाली ते कळायचं नाही.

आमचा कारखाना पिंपरी कॅम्पच्या कडेला, रेल्वे रुळांच्या अंगाला होता. हे सगळं पन्नासच्या दशकातलं. शेठ सिंधी, फाळणीत सगळं मागे टाकून आलेले. मी नदीपलीकडचा, पिंपळे सौदागरचा. आज तिथे सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन आपल्यालाच नाव विचारतो, तेव्हा आमची ज्वारी उभी असायची. पवना ओलांडून मी रोज कामाला यायचो. आईला माझी नोकरी शेवटपर्यंत उमगली नाही. "पानी गोठवायचं आन् इकायचं? आन् लोक घेत्यात व्हय?" म्हणायची. घेतात म्हटलं की ती कपाळाला हात लावायची.

तर बर्फ असा होतो. अमोनियानं आधी मिठाचं पाणी गार करायचं. मिठाचं पाणी कितीही गार केलं तरी लवकर गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्याचे उंच पत्र्याचे डबे सोडायचे. दिवस-रात्र मिळून त्यांची लादी बनते. आता, कुठल्याही लादीचा पोटाकडचा भाग पांढरट होतो, कारण पाण्यातली सगळी घाण आणि हवा गोठता गोठता मध्ये जमा होते. ज्याच्या लादीतून पलीकडचा माणूस दिसतो, तो खरा ऑपरेटर. त्यासाठी डब्यात नळीनं हवा सोडायची आणि त्याआधी भरायच्या पाण्याच्या टाकीत तुरटी फिरवायची. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाच वेढे. चार नाही, सहा नाही." खडा हातात धरून पाण्यात पाच वेढे घ्यायचे, गाळ खाली बसतो. घरी आई माठात हेच करायची, तिची आईही करायची. त्यामुळे ते मला शिकवावं लागलंच नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर सोडावॉटरवाले, रसवाले, लग्नाचे आचारी. पण काही नमुनेही भेटले. चाकणच्या तालमीतला एक पैलवान जत्रेच्या आधी गुडघा सुजवून आला. लादी घेतली, आमच्याच आवारात तिच्यावर गोणपाट टाकलं आणि तासभर पाय पसरून बसला. उठल्यावर म्हणाला, "राव, ही परत घ्या. मी काय खाल्ली न्हाई, नुसता बसलो व्हतो." त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती होती? घेतली परत.

दुसरं सांगतो ते राजगुरुनगरचं, तेव्हा त्याला सगळे खेडच म्हणायचे. एक म्हातारे गृहस्थ गेले होते, मुलगा लांबून यायचा होता. तीन लाद्या घेऊन मीच गाडीबरोबर गेलो. भुसा झाडून लाद्या मांडल्या, देह वर ठेवला, तेवढ्यात त्यांची बायको आतून शाल घेऊन आली आणि त्यांच्या अंगावर पांघरायला लागली. म्हणाली, "ह्यांना गारठा सोसत न्हाई." तिला कोणी अडवलं नाही. मीही नाही. शालीमुळे बर्फ थोडा कमी लागला असेल, लागू दे.

आता त्या साहेबांकडे येतो.

त्या वर्षी पौष संपत आला होता. सकाळी आठच्या सुमारास आवारात एक जीप शिरली आणि तिच्यातून सहा फुटांच्या वरचा एक गोरा माणूस लाकडी पेटी छातीशी धरून उतरला. उन्हानं त्याचे कान लालबुंद झाले होते. त्याचं नाव ओल्सेन, गाव नॉर्वेतलं. आपल्याकडे तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, त्यांतली यंत्रं बसवायला असे परदेशी लोक यायचे, त्यांतलेच हे एक. कामगारांमध्ये राहून मोडकंतोडकं हिंदी शिकले होते. माझं इंग्रजीही तसंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघांचं मोडकं होतं, कुणाला कमीपणा वाटायचा नाही. इथे मी त्यांचं बोलणं मराठीतच देतो.

शेठनी विचारलं, "कितना बर्फ, साहब?"

साहेब म्हणाले, "बर्फ नको. गार पाणी पाहिजे. चार डिग्री. दहा आठवडे."

आणि त्यांनी पेटी उघडली. आत ओलं शेवाळ, बर्फाचे तुकडे आणि त्यांच्या मध्ये कापड ताणलेल्या तीन चौकटी. प्रत्येक चौकटीवर भिजलेल्या साबुदाण्याएवढे केशरी मणी पसरलेले. मी वाकून पाहिलं. प्रत्येक मण्यात दोन काळे ठिपके होते. "डोळे," साहेब म्हणाले. मी पटकन मागे सरलो. दोन-अडीचशे जण एकदम आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर माणूस दचकणारच.

ती माशांची अंडी होती. या माशाला इंग्रजीत चार म्हणतात. आपल्या आकड्याशी घोळ नको म्हणून मी साहेबांच्या तोंडचाच शब्द वापरतो, रॉया. अगदी गार पाण्यातला मासा. आपल्याकडच्या पाण्यात त्याला घटकाभरही जीव धरवणार नाही. साहेबांनी पाकिटातून चित्रं काढून दाखवली. गडद अंगावर फिकट ठिपके, पोहायच्या पंखांची पुढची कड चुन्याची रेघ ओढावी तशी पांढरी आणि अंडी घालायच्या दिवसांत पोट लालभडक. मी म्हटलं, नवरदेवासारखा सजतो की. साहेबांना ते फार आवडलं, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्याजवळ एक वही सतत असायची.

त्यांच्याकडे म्हणे तळ्यागणिक रॉया वेगळा. या तळ्यातला रुपेरी, डोंगरापलीकडच्या तळ्यातला काळा, तिसऱ्यातला हातभर, चौथ्यातला बोटभर. कुणी खडकाजवळच्या गोगलगाई खातो, कुणी पाण्यातले बारीक किडे, कुणी सरळ आपल्या भावकीलाच खातो. मी म्हटलं, तो प्रकार आमच्याकडेही आहे. आणि साहेबांच्या गावच्या तळ्यात तर एकाच पाण्यात तीन तऱ्हेचे. त्यांची नावं मला काही उच्चारता येईनात, म्हणून मी माझीच ठेवली. मधल्या पाण्यात थव्यानं फिरणारा तो रुपेरी. दुसऱ्या माशांना खाऊन माजलेला तो दांडगा. आणि खोल अंधारात, तळाच्या दगडांत राहणारा, हाताच्या पंजापेक्षा मोठा न होणारा, काळपट, बसक्या तोंडाचा तो बुटका.

आता मुख्य गोष्ट. साहेबांचे वडील त्या तळ्यावरचे कोळी. ते जन्मभर सांगत आले की हे तिघं एकाच आईची लेकरं आहेत, ज्याला जसं पाणी आणि जसं खाणं मिळालं तसा तो झाला. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मात्र तीन वेगळे मासे ठरवून तीन नावं दिली होती आणि अडाणी कोळी म्हणून म्हाताऱ्याला हसण्यावारी नेलं होतं. खरं-खोटं करायचा एकच मार्ग होता. तिघांची अंडी एका पाण्यात, एका खाण्यावर वाढवायची आणि बघायचं कोण कसा निघतो. बाप-लेक दरवर्षी घराच्या तळघरात झऱ्याच्या पाण्यावर हा उद्योग करायचे. कधी पूर यायचा, कधी रोग पडायचा, शेवटपर्यंत काही जायचं नाही. मग म्हातारा वारला. आणि त्याच सालात विजेसाठी तळ्यावर धरण बांधायचं ठरलं. पाणी चढणार, त्यात घर जाणार, तळघर जाणार, आणि ज्या दगडगोट्यांत बुटका अंडी घालायचा ती जागाही जाणार.

"ही शेवटची अंडी आहेत," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी बुटका नसेल."

बहिणीनं ती गोळा करून विमानानं मुंबईला धाडली होती. तिला स्वतःला शहरात दोन खोल्या मिळाल्या होत्या, तिथे कुठलं तळघर? सरकारी केंद्रात सगळी अंडी एकाच हौदात ओततात, तीन ताटल्या वेगळ्या ठेवायला वेळ कुणाला? साहेबांची इथली नोकरी चैत्रात संपणार होती. मग ते पिल्लं घेऊन जाणार आणि डोंगरातल्या दुसऱ्या एका तळ्याकाठी सोय करणार. तोवर जगवायची होती.

मला वाटलं, शेठ हसून वाटेला लावतील. शेठनी पेटीचं झाकण अलगद लावलं. मग एवढंच विचारलं, "घर भी पानी में जाएगा?" साहेबांनी मान हलवली. शेठ म्हणाले, "महादू भाऊ, पीछेवाला कोना साफ करो." बस, एवढंच. पुढे लग्नसराईत लाद्यांना मारामार झाली तेव्हाही त्यांनी त्या कोपऱ्याची गारवा देणारी नळी कधी बंद करू दिली नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या कोपऱ्यात आम्ही एक वेगळं पिंप बसवलं, विहिरीच्या पाण्याचं. पिंपात गार नळीचं वेटोळं, पिंपाला खाली तोटी, तोटीखाली उतरता लांब पन्हाळ आणि पन्हाळीत एकामागे एक तीन ताटल्या, प्रत्येकीत तळाला थोडे गोटे आणि वर एकेका तऱ्हेची अंडी. साहेबांनी ताकीद दिली, "या पाण्यात काहीही टाकायचं नाही. औषध नाही, मीठ नाही, काही नाही." मी म्हटलं, टाकणार नाही.

पुढचे पाच-सहा आठवडे मी त्या अंड्यांचा पार दास होऊन गेलो. सकाळी आल्याबरोबर पारा बघायचा. उजेड लागू नये म्हणून वर गोणपाट. एखादं अंडं मेलं की पांढरं पडतं, ते कोंबडीच्या पिसानं अलगद उचलून टाकायचं, नाहीतर बुरशी धरून शेजारच्याला मारतं. कामगार हसायचे. "महादू अंड्यावर बसलाय" म्हणायचे. म्हणू देत. आमच्या घरात माळकरी बाप, मासा कधी चुलीवर चढला नाही, आणि मी माशांची बाळंतपणं करत होतो.

घरी आईला सगळं सांगायचो. तिचं माहेर मावळातलं, भातखाचरांचं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं भांडायचं? आमच्याकडचा आंबेमोहोर घाटाखाली न्हेऊन लावला तर त्याचा वास ऱ्हातो व्हय? न्हाई ऱ्हात. पन म्हून त्याचा कोळंबा भात बी होत न्हाई. थोडं मातीचं, थोडं बियाचं." मी ते दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. साहेब हसले. मला वाटतं, तेही लिहून घेतलं असावं.

माघाच्या अखेरीस बुटक्यांची अंडी फुटली. बाकीच्या दोघांच्या आधी पाच दिवस. सुईएवढी पिल्लं, पोटाला केशरी पिशवी लोंबतेय, तीच त्यांची शिदोरी. साहेब संध्याकाळी आले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी ती ताटली उचलून सगळ्यात वर, तोटीच्या अगदी खाली ठेवली, म्हणजे ताजं पाणी आधी पिल्लांना मिळेल. त्या दिवशी त्यांनी मला घरून आणलेला डब्यातला चीज नावाचा पदार्थ खायला दिला. मी त्यांच्यासमोर खाल्ला, हे माझं त्यांच्यावरचं प्रेम समजा.

त्यानंतर दोन दिवसांनी विहिरीच्या पंपाची खालची झडप बिघडली. ती काढता-बसवताना तळाचा गाळ ढवळला गेला. पिंपात गढूळ पाणी आलं, पन्हाळीतून तसंच वाहायला लागलं. मी पाहिलं, त्या इवल्या पिल्लांच्या अंगावर, डोळ्यांवर माती बसत होती. मला कसंतरीच झालं. खिशात खडा होताच. मी पिंपात हात घातला आणि तुरटी फिरवली. पाच वेढे.

दुपारपर्यंत पाणी लख्ख. मी समाधानानं घरी गेलो.

सकाळी गोणपाट उचललं तर वरच्या ताटलीतली पिल्लं आडवी पडलेली होती. पांढरी. पहिल्यांदा मला वाटलं, झोपलीयत. पिसानं हलवली, हलेनात. खालच्या दोन ताटल्यांमधली अंडी मात्र जशीच्या तशी, डोळे वटारून बघणारी. ती अजून कवचात होती ना. साहेबांना निरोप धाडला. ते आले, गुडघ्यावर बसले, भिंगानं एकेक पिल्लू तपासलं. ताटलीच्या खालच्या कोपऱ्यात, एका गोट्याच्या आडोशाला अकरा जिवंत होती. अकराच.

"पाण्यात काही टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

आणि देवाशपथ सांगतो, तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मी काही टाकलेलं नाही. तुरटी म्हणजे काय काही टाकणं झालं? पाण्याला पाणी करायची ती रीत. ताट मांडायच्या आधी पुसून घेतो, तर ताटात काही वाढलं असं कोण म्हणेल?

साहेब डब्यांच्या चळतीला टेकून बसले आणि वही काढून लिहायला लागले. लिहून झाल्यावर, मी विचारलं नसतानाही, मला समजावून सांगितलं. पाण्यात काही पडलं नसेल तर नुसतं कवचातून निघाल्यानं पिल्लू मरत नाही. तिघांना एकच पाणी, एकच गारवा. दोघं तगले, एक मेला. म्हणजे बुटका मुळातच निराळा, रक्तानं निराळा. पुस्तकवाले बरोबर होते. "माझा बाप चुकला," ते म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

घरी गेलो, ओट्यावर बसलो. समोर आई माठ भरत होती. पाणी ओतलं, पदराच्या गाठीतून खडा काढला आणि पाण्यात हात घालून फिरवायला लागली. एक, दोन, तीन. मी ते बघत होतो आणि माझा हात आपोआप खिशातल्या खड्यावर गेला.

"का रं, तोंड का उतरलंय?" आईनं विचारलं. मी उठून नदीवर गेलो.

दुसरा अख्खा दिवस मी गप्प काढला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात हिशेब चालू होता की कुणाला कळणार आहे? झडप बिघडली होती, गाळाचं निमित्त आहेच. शेठनी विश्वासानं कोपरा दिलाय, ते काय म्हणतील? घरात पगार फक्त माझा. साहेब तर कुणाला दोषही देत नाहीयेत. मी तोंड मिटून राहिलो तर सगळं आपोआप निभावत होतं. फक्त ती वही डोळ्यांसमोरून हलेना. त्या वहीत माझ्या तुरटीमुळे एक मेलेला म्हातारा खोटा ठरला होता. आणि त्या वहीतलं पुढे छापून येणार, असं साहेबांनीच सांगितलं होतं. मासे मारल्याचं पाप मी एकवेळ पचवलं असतं. पण ज्यानं जन्मभर खरं सांगितलं त्याला मेल्यावर खोटं पाडायचं, हे काही मला पचेना.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. मी खिशातला खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"साहेब, हे मी पाण्यात फिरवलं. गढूळ झालं म्हणून. ही घाण खाली बसवते. आमच्यात हे टाकणं समजत नाहीत, पण मी टाकलं. बुटका रक्तामुळे मेला नाही. माझ्यामुळे मेला."

त्यांनी खडा उजेडात धरून पाहिला, जिभेला लावला, तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "किती वेळा फिरवलं?"

"पाच."

"खडा तेव्हा एवढाच होता?"

"थोडा मोठा."

"किती वाजता? पिंप भरलेलं होतं का अर्धं?"

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मग त्यांनी आधीच्या पानावरच्या ओळींवर एक आडवी रेघ मारली. नीट, पट्टी लावून. वही मिटून ते म्हणाले, "तू हे सांगितलं नसतंस, तर मी बापाला खोटं ठरवून घरी गेलो असतो." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. दोन मोठे बाप्ये बर्फाच्या कारखान्यात उभे राहून डोळे पुसत होते. बाहेर टांगेवाला लादीसाठी ओरडत होता, त्याला मी त्या दिवशी बराच वेळ तिष्ठत ठेवलं.

शेठना मीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बोल दिया ना? अब काम पे जाओ." एवढ्यावर विषय संपला. आपल्याला आयुष्यात अशी माणसं भेटली, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचा महिनाभर मी त्या अकरांना डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. गढूळ पाण्यासाठी साहेबांनी चौपदरी फडकं बांधायला शिकवलं. मीठ नाही, औषध नाही, तुरटी नाही. रुपेरी आणि दांडगेही फुटले, छान निघाले. चैत्राच्या तोंडावर साहेबांनी तिन्ही जातींची पिल्लं मोठ्या थर्मासांमध्ये भरली. माझ्या हातची काचेसारखी लादी फोडून तिचे तुकडे मी स्वतः भोवती ठोसले. ती बिनतुरटीची होती, हे सांगायला नको. जाताना त्यांनी तो तुरटीचा खडा मागून घेतला. मी म्हटलं, आठवण म्हणून? ते म्हणाले, "नाही. तपासायचा आहे." माणूस मोठा प्रेमळ, पण कामात चोख.

त्यानंतर काही वर्षं काही कळलं नाही. मी आपली लादी, भुसा, गिऱ्हाईक यांत गुंतलो. अकरांचा विषय कधीमधी मनात यायचा, विशेषतः विहिरीचं पाणी गढूळ झालं की. जगली असतील का? की विमानातच गेली? विचारणार कुणाला?

मग एक दिवस कारखान्याच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. आत पत्र होतं आणि इंग्रजी छापील पानं. गावातल्या शाळेच्या गुरुजींकडून मी ते वाचून घेतलं. अकरांतली चार जगली. दुसऱ्या तळ्याकाठच्या हौदात रुपेरी आणि दांडग्यांच्या बरोबरीनं, त्यांच्याइतकंच खाऊन वाढली. आणि ती बुटकी राहिली नाहीत. दीड वीत झाली, जवळजवळ रुपेऱ्यांएवढी. म्हाताऱ्याचं खरं होतं, बुटकेपणा पाण्याचा आणि उपासमारीचा होता. पण तोंड बसकंच राहिलं आणि रंग काळपटच. म्हणजे पुस्तकवालेही अगदीच खोटे नव्हते. चौघांना आता डोंगरातल्या तळ्यात सोडलंय, गावचं तळं धरणात गेलं, असं पत्रात होतं. मी गुरुजींना थांबवून म्हटलं, हे तर आमच्या आईनं आधीच सांगितलं होतं. गुरुजींना काही कळलं नाही, ते पुढे वाचत राहिले.

छापील पानांच्या शेवटी, खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. गुरुजींनी ती दोनदा वाचली. तिचा अर्थ असा, की बुटक्यांच्या ताटलीतली पिल्लं पाण्यात तुरटी गेल्यामुळे मेली, त्यांच्या जातीच्या कमकुवतपणामुळे नाही. हे ती तुरटी ज्यांनी टाकली त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. आणि पुढे माझं नाव. महादू, बर्फाचा कारखाना, पिंपरी.

पानं घेऊन मी घरी आलो. आई दारात पाणी भरत होती. तिला मी बोट ठेवून माझं नाव दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं वाकून बघितलं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"मी मासे मारले, असं लिहिलंय."

"आन् त्यात तुजं नाव कशापायी?"

"मी आपणहून सांगितलं म्हणून."

आईनं थोडा विचार केला. "मंग बरं हाय," ती म्हणाली. पदराच्या गाठीतून खडा काढला आणि माठात हात घातला. मी पायरीवर बसून मोजत होतो. पाच झाले, तसा तिनं हात बाहेर काढला.